आजोबांची कॉन्टेसा: मॉडिफाय करायची की होती तशी ठेवायची?

इन्स्टाग्रामवर ‘कॉन्टेसा’ असं टाइप केलंत की मॅट काळ्या रंगाच्या, रुंद टायरांच्या, जमिनीला टेकायला आलेल्या गाड्या एकामागून एक दिसू लागतात. खाली कमेंट ठरलेली: ‘भारताची मसल कार’. ही रील बघणाऱ्या एखाद्याच्या रत्नागिरीतल्या घराच्या पडवीत खरीखुरी कॉन्टेसा उभी असते. आजोबांनी घेतलेली, वडिलांनी चालवलेली, आणि आता गणपतीला किंवा शिमग्याला गावी गेलं की तेवढी दिसणारी. कॉन्टेसा नसेल तर पद्मिनी असते, अ‍ॅम्बेसेडर असते, नाहीतर बागेत खत-पेट्या वाहून थकलेली महिंद्राची जीप.

आजोबा गेल्यावर घरात साधारण तीन मतं निघतात. नातू म्हणतो, नवीन इंजिन टाकू, अलॉय लावू. काका म्हणतात, जागा अडतेय, भंगारवाल्याला देऊन टाका. आजी म्हणते, ह्यांनी ठेवली होती तशीच राहू दे. तिघांचंही आपापल्या परीने बरोबर आहे, पण तिघांनीही दोन गोष्टी धरलेल्या नसतात. एक म्हणजे कोकणातली हवा आणि दुसरी म्हणजे आरटीओ. हा लेख त्या दोन गोष्टींबद्दल आहे, आणि त्या कळल्यावर ‘मॉडिफाय की ओरिजिनल’ हा प्रश्न कसा बदलतो त्याबद्दल.

कॉन्टेसाला मसल कार का म्हणतात?

दिसण्यामुळे. लांब बॉनेट, रुंद चौकोनी तोंड, मागच्या चाकांना ताकद देणारी रचना. अमेरिकेत मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या गाडीत कोंबलेलं मोठं व्ही-८ इंजिन. १९६४ सालच्या पाँटिअ‍ॅक जीटीओपासून हा प्रकार लोकप्रिय झाला असं साधारण मानतात. त्या गाडीचं इंजिन सुमारे ६.४ लिटरचं होतं आणि कंपनी ३२५ अश्वशक्तीचा आकडा सांगायची.

आपली कॉन्टेसा हिंदुस्थान मोटर्सची. पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाडा कारखान्यात १९८४ पासून २००२ पर्यंत बनली. मूळ आराखडा ब्रिटनच्या व्हॉक्सहॉल कंपनीच्या गाडीचा, आणि सुरुवातीचं इंजिन अ‍ॅम्बेसेडरमधलंच, १४८९ सीसीचं, पन्नासच्या आसपास अश्वशक्तीचं. म्हणजे अंगावर पैलवानाचा सदरा आणि आत शाळामास्तर. नंतर इसुझूचं १.८ लिटर पेट्रोल इंजिन आलं, ‘कॉन्टेसा क्लासिक’ ती हीच, आणि मग गाडीला जरा जीव आला. डिझेलचाही पर्याय मिळाला.

हे सांगायचं कारण असं की तुमच्या पडवीतली गाडी यातली नक्की कोणती आहे हे आधी बघा. १.५ असेल तर इंजिनाचे सुटे भाग अ‍ॅम्बेसेडरमुळे अजून मिळतात. पण समोरची काच, मागचे दिवे, दारांची रबरं, बंपर, डॅशबोर्ड हे फक्त कॉन्टेसाचं सामान, आणि ते आता कोणी बनवत नाही. ‘हे जुनाट काढून टाका’ म्हणून गॅरेजमध्ये जे पहिलं निघतं, नेमकं तेच परत कुठे मिळत नाही.

रत्नागिरीत आधी गंज, मग बाकीचं

पुण्यात किंवा नाशकात शेडमध्ये दहा वर्षं उभी राहिलेली गाडी आणि मांडवी-भाट्याच्या बाजूला दहा वर्षं उभी राहिलेली गाडी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समुद्राच्या वाऱ्याबरोबर येणारं मीठ पत्र्यावर बसतं. मीठ हवेतली ओल ओढून धरतं, त्यामुळे पाऊस नसतानाही पत्र्यावर ओलीचा पातळ थर राहतो, आणि त्यातला क्लोराइड गंजाचं काम भराभर पुढे नेतो. वर चार महिने पाऊस. कोकण किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, हे वेगळं सांगायला नको.

जीपला खाली वेगळी चेसी असते, तिच्यावर बॉडी बोल्टने बसवलेली. बॉडी सडली तरी चेसी धड असेल तर गाडी उभी राहते. फियाट, अ‍ॅम्बेसेडर, कॉन्टेसा यांचं तसं नाही. त्यांच्यात बॉडी हाच सांगाडा. दाराखालची पोकळ पट्टी, फ्लोअरचा पत्रा, मागच्या स्प्रिंगा जिथे टेकतात ती जागा, हे गंजलं की गाडीचा कणाच गेला. वरून रंग चकचकीत असला तरीही.

तपासायला सोपं आहे. एक लोहचुंबक फडक्यात गुंडाळा आणि दाराच्या खालच्या भागावरून, चाकांच्या कमानीवरून फिरवा. जिथे चुंबक धरत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. मग गाडीखाली झोपून स्क्रूड्रायव्हरने फ्लोअर टोचून बघा. समोरच्या काचेच्या रबराखाली, डिकीत स्टेपनीच्या खळग्यात, बॅटरीच्या ट्रेखाली आणि कार्पेट उचलून पायाखाली बघायला विसरू नका. दारांना खालच्या बाजूला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. कलमाखाली उभ्या गाडीत ती पानं, मोहर आणि चिकट धुळीने बुजलेली असतात आणि दार आतून तळ्यासारखं भरतं.

आणि ती ताडपत्री! गाडीवर प्लॅस्टिकची ताडपत्री बांधून, कडा विटांनी दाबून जाणारे चाकरमानी गाडीचं भलं करतोय असं समजतात. खालून जमिनीची वाफ वर येते, ताडपत्रीला लागून परत गाडीवर गळते. उघड्यावर ठेवण्यापेक्षाही हे वाईट ठरतं. वर पत्रा, बाजू मोकळ्या आणि खाली कोरडी फरशी हे बरं. त्यात कापडी कव्हर घातलं तर आणखी बरं.

म्हणून माझं मत असं, की कोकणातल्या गाडीवर खर्चायचा पहिला रुपया इंजिनावरही नाही आणि रंगावरही नाही. तो खालच्या पत्र्यावर. सडलेला भाग कापून त्याच जाडीचा नवा पत्रा वेल्ड करणं, आतून गंजरोधक मेण किंवा तेल मारणं, खाली अंडरकोटिंग. गंज तसाच ठेवून वरून डांबरी थर मारून घेतलात तर गंज आत निवांत वाढतो. डेंटिंगवाल्याला कामाच्या आधीचे, पत्रा कापल्यानंतरचे आणि प्रायमर मारल्यानंतरचे फोटो काढायला सांगा. एक मात्र मनाची तयारी ठेवा. गंजाचं काम उघडल्यावर अंदाजापेक्षा जास्तच निघतं, कमी कधीच निघत नाही.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम ५२ सांगतं की गाडीत असा बदल करता येणार नाही ज्यामुळे आर.सी.वरचा तपशील कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने शिक्षाही आली. बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द रीलमध्ये कोणी सांगत नाही.

या निकालानंतर व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आता रंगही बदलता येणार नाही’ असं फिरलं होतं. तसं नाही. रंग बदलता येतो, पण रंग ही आर.सी.वरची नोंद आहे, त्यामुळे आरटीओत अर्ज करून ती बदलून घ्यावी लागते. सीएनजी-एलपीजीचं मान्यताप्राप्त किट बसवायलाही कायद्यात वाट आहे. इंजिन खराब झालं म्हणून त्याच प्रकारचं दुसरं बसवलं तर नवा इंजिन नंबर नोंदवावा लागतो. पण दुसऱ्या कंपनीचं डिझेल इंजिन, टप कापून उघडी केलेली बॉडी, चेसी लांब-आखूड करणं, हे सगळं कलम ५२ च्या तावडीत येतं.

१.५ ची कॉन्टेसा आंबा घाट चढताना धापा टाकते, म्हणून त्याच कंपनीचं नंतरचं इसुझू इंजिन टाकावं असं अनेकांना वाटतं. वाटणं समजू शकतो. तरी इंजिन, सीसी आणि नंबर तिन्ही बदलणार असल्यामुळे आधी आरटीओत लेखी विचारा, मग पाना हातात घ्या. मेकॅनिक ‘सगळे करतात’ म्हणाला तर तो दंड भरायला येणार नाही. अपघात झाला आणि विमा कंपनीला न कळवलेला बदल सापडला, तर दाव्यावरून वाद होतो तो वेगळाच.

जीपवाल्यांनी अधिक जपून. पंजाब-हरियाणाच्या सीमेवरचं मंडी डबवाली हे गाव जुन्या भागांतून नव्यासारख्या जीपा बांधण्यासाठी देशभर प्रसिद्ध आहे, आणि तशा जीपा बघून आपली घरची जीप तशी करायची हौस होते. त्या कामात पुष्कळदा चेसीवरच घाव पडतो. चेसी नंबर खोडला गेला, घासला गेला किंवा वेल्डिंगखाली गेला, तर तुमच्याकडे आजोबांची जीप उरत नाही. बिनकागदाचं लोखंड उरतं.

आणखी एक गैरसमज. ‘पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात’ हा नियम महाराष्ट्रातल्या खासगी गाड्यांना नाही. १० वर्षं डिझेल आणि १५ वर्षं पेट्रोलचा आदेश दिल्ली आणि आसपासच्या राष्ट्रीय राजधानी क्षेत्रापुरता होता. आपल्याकडे १५ वर्षांनी तपासणी करून नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. ते स्वस्त मात्र राहिलेलं नाही. कारची नूतनीकरण फी २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपये झाली, आणि ऑगस्ट २०२५ च्या नियमांनी २० वर्षांवरच्या कारसाठी १०,००० रुपये झाली. पर्यावरण कर वेगळा. त्यामुळे काकांची ‘भंगारात द्या’ ही सूचना सक्तीची नाही, पण हिशेबाला धरून नाही असंही म्हणता येत नाही.

पन्नास वर्षांची वाट

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांपेक्षा जुनी, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नंबर प्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. नोंदणी फी २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, आणि पुन्हा नोंदणीला ५,००० रुपये. अशी गाडी रोज बाजारात न्यायला परवानगी नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणता येते.

महत्त्वाची अट पुढे आहे. गाडी मूळ स्वरूपात हवी. चेसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही.

आता हिशेब करा. १९७२ सालची फियाट किंवा अ‍ॅम्बेसेडर आजच या नियमात बसते. अगदी सुरुवातीची, १९८४ ची कॉन्टेसा २०३४ मध्ये पन्नाशी गाठेल. आज कमानी कापून रुंद टायर बसवले, इंजिन बदललं, तर २०३४ मध्ये तुमच्या मुलीला तो अर्ज करता येणार नाही. जगभरातल्या जुन्या गाड्यांच्या क्लबांची संघटना ‘फिवा’ तर तीसच वर्षांची मर्यादा धरते, आणि तिचाही भर ऐतिहासिकदृष्ट्या अचूक अवस्थेवर आहे. अमेरिकेत चेसी आणि इंजिनाचे नंबर मूळ जोडीचे असले की त्या मसल कारची किंमत कितीतरी वर जाते. आपल्याकडे तो बाजार अजून लहान आहे, म्हणून ‘ओरिजिनल ठेवा, कोट्यधीश व्हाल’ असं मी सांगणार नाही. पण बदललेली गाडी ही बदलणाऱ्याच्या आवडीची असते, आणि विकायला काढली की दुसऱ्याला तीच आवड असेलच असं नाही.

ओरिजिनल म्हणजे काचेच्या कपाटात, असंही नाही. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक अजून रस्त्यावर येते आणि ती बघायला लोक गर्दी करतात. वापरात राहिलेली गाडी जास्त टिकते. उभी गाडी कुजते.

पाना की ग्राइंडर?

मग काहीच बदलायचं नाही का? उलट, काही गोष्टी बदलल्याच पाहिजेत. फरक ओळखायला एक साधी खूण पुरते. जो बदल पान्याने करता येतो आणि पान्यानेच परत काढता येतो, त्यावर घरात चर्चा होऊ शकते. ज्याला ग्राइंडर किंवा गॅस कटर लागतो, त्यावर नको. (गंजलेला पत्रा कापून तसाच बसवणं ही दुरुस्ती झाली, बदल नव्हे.)

पेट्रोलच्या नळ्यांपासून सुरुवात करा. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. जुनी रबरी नळी, कार्ब्युरेटरमधले पडदे आणि वॉशर इथेनॉलसाठी बनलेले नव्हते. ते फुगतात, चिरतात, आणि गरम इंजिनावर पेट्रोल गळलं तर काय होतं ते सांगायला नको. इथेनॉल पाणीही ओढून घेतं. पावसाळाभर टाकीत पेट्रोल ठेवून गेलात तर तळाशी पाणी जमून टाकी आतून गंजते. नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घ्या आणि शिमग्यानंतर मुंबईला परतताना टाकी रिकामी करून जा. इथे ‘ओरिजिनल’चा हट्ट धरणं म्हणजे गाडी जाळायची तयारी ठेवणं.

तसंच शिशाचं. २००० सालापासून देशात शिसं असलेलं पेट्रोल बंद झालं. लोखंडी हेडच्या जुन्या इंजिनांत, म्हणजे अ‍ॅम्बेसेडर आणि १.५ कॉन्टेसात, ते शिसं व्हॉल्व्हच्या बैठकी झिजू देत नसे. हेडचं काम निघालंच आहे तर कडक धातूच्या सीट बसवून घ्या. रत्नागिरीत बोअरिंगवाला मनासारखा मिळाला नाही तर कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर आहेच. बाहेरून काही दिसत नाही, इंजिन तेच राहतं.

याशिवाय सीटबेल्ट, पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर, हेडलाइटला रिले, मूळ मापाचे रेडियल टायर, ब्रेकच्या नव्या नळ्या. गाडी यांनी सुरक्षित होते आणि जुने भाग एका लाकडी पेटीत जपता येतात. पेटीवर काय कुठून काढलं ते लिहा. टायर बघताना बाजूचा चार आकडी शिक्का वाचा, पहिले दोन आकडे आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. ‘१२१५’ म्हणजे २०१५ सालचा बारावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी तसा टायर घालून हायवेवर जाऊ नका.

रंगाबाबत माझा थोडा पक्षपात आहे, तो सांगून टाकतो. मॅट काळा सहा महिने छान दिसतो, मग लाल मातीत राखाडी होतो. मूळ रंग बघायचा असेल तर डिकीतलं रबर उचला किंवा दाराच्या आतली पट्टी काढा. तिथे कंपनीचा रंग अजून ताजा सापडतो. त्यावरून शेड जुळवून घ्या आणि तेवढा तुकडा रंगवू नका.

आणि मुळात गाडी कोणाच्या नावावर आहे?

सातबाऱ्यावर पंधरा नावं चालतात, आर.सी.वर नाव एकच. मालकाचं निधन झालं की वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांच्या आत नमुना ३१ मध्ये नाव बदलण्यासाठी अर्ज करायचा, असा नियम आहे. मृत्यूचा दाखला, आर.सी., विमा, आणि बाकीच्या वारसांची हरकत नसल्याचं प्रतिज्ञापत्र, एवढं लागतं. बहुतेक घरांत हे राहूनच जातं. दहा-पंधरा वर्षांनी गाडी काढायची ठरते तेव्हा एक काका दुबईत, एक आत्या सुरतेत, आणि सही कोणाची आधी घ्यायची यावर सगळं अडतं. तोवर नोंदणीची मुदत संपलेली असते आणि उशिराचा आकारही साचलेला असतो.

म्हणून येत्या गणपतीला सगळे एकत्र जमतील तेव्हा आधी सह्या घ्या. नव्या मालकाने लगेच ‘परिवहन’ पोर्टलवर वारस म्हणून नॉमिनीचं नावही टाकून ठेवावं, आता तशी सोय आहे. मूळ आर.सी. बुक, खरेदीची पावती, जुना विमा, आजोबांनी लिहिलेली पेट्रोलची वही असलं काही सापडलं तर ते गाडीच्या पत्र्याइतकंच मोलाचं आहे. चेसी आणि इंजिनाचा नंबर आर.सी.शी ताडून फोटो काढून ठेवा. नवी एचएसआरपी प्लेट लावावी लागेल, पण एमएच-०८ च्या आधीची तीन अक्षरांची जुनी पाटी असेल तर ती भंगारात टाकू नका.

सह्या झाल्या की मग बॉनेट उघडा. लगेच चावी मात्र फिरवू नका. आधी प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या. सकाळी गाडी न्यूट्रलला ठेवून पुलीच्या नटावर पाना लावा आणि इंजिन हाताने हळू फिरवून बघा. फिरलं तर जुनं ऑइल आणि जुनं पेट्रोल काढून टाका, ब्रेक चारही चाकांना सुटतात का ते तपासा, आणि मग बॅटरी जोडा. फिरलं नाही तर जोर करू नका. आणखी ऑइल सोडा, दोन दिवस थांबा, आणि तोवर खाली झोपून फ्लोअर टोचून घ्या.